तिसरी शांती

दि. ९ ऑक्टोबर

चि. खिळ्यास,

अनेक आशीर्वाद. थोरल्या बहिणीने ते द्यायचे असतात म्हणून दिले. मनापासून दिलेत अशा भ्रमात राहू नकोस.

पत्र मुद्दाम तुझ्या वर्कशॉपच्या पत्त्यावर टाकतेय. फोनवर आपण दोघं दुसऱ्या मिनिटाला ओरडायला लागतो आणि आई पलीकडच्या खोलीत बसून सगळं ऐकते. कागदावर ओरडलं तर निदान आवाज तरी होत नाही.

काल आईशी बोलले. आवाज इतका बारीक झालाय तिचा की आधी मला वाटलं फोनच बिघडलाय. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली की बाबांची पूजा ती हल्ली लावतच नाही. का लावत नाही, तर खिळ्याने त्यात दुरुस्ती करून आणलीय. दुरुस्ती! बाबा म्हणजे काय तिसऱ्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट आहे का रे?

बाबांची रोजची पूजा गेल्या डिसेंबरात तू फोनवर रेकॉर्ड करून ठेवलीस. जन्मात केलेलं ते तुझं एक शहाणपणाचं काम. ते गेल्यावर ती तू त्या छोट्या स्पीकरमध्ये भरून दिलीस आणि आई रोज सकाळी देवघरासमोर बसून बटण दाबायला लागली. बाबा मंत्र म्हणायचे, ती फुलं वाहायची. शेवटी बाबा शांती म्हणतात. एकदा म्हणतात, दुसऱ्यांदा म्हणतात आणि थांबतात. तिसरी म्हणत नाहीत. आता तू मोबाइलच्या दुकानातल्या त्या माणसाला सांगून दुसरीचीच नक्कल उचललीस आणि तिसरी म्हणून मागे चिकटवलीस.

बाबा का थांबले ते तू विसरलेला दिसतोस, म्हणून आठवण करून देते. पहिली शांती वरून कोसळणाऱ्या संकटांसाठी, दुसरी बाहेरच्या माणसांकडून येणाऱ्या त्रासासाठी, आणि तिसरी आपल्या आपल्यातल्या भांडणांसाठी, असं बाबांनी आपल्याला शिकवलं होतं. घरात कोणाच्या मनात अढी असेल तर तिसरी ते म्हणत नसत. ज्याच्या मनात अढी, त्याने येऊन म्हणायची. तोपर्यंत बाबा हात जोडून पाटावर बसून राहायचे आणि नाश्ता कोणालाच मिळायचा नाही. माझ्या कंपासपेटीतला कोनमापक तू मोडलास तेव्हा मी साडेअकरापर्यंत सगळ्या घराला उपाशी ठेवलं होतं. बाबांच्या ऑफिसात नकाशे तसेच पडून राहिले, साहेबाचा निरोप आला, पण ते उठले नाहीत. शेवटी भूक मलाच लागली.

असा माणूस तो. जे त्याने जन्मभर तोंडदेखलं म्हटलं नाही, ते तू तो मेल्यावर त्याच्या तोंडी घातलंस. मी अठरा वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतेय. खोटा दात रंगाला कितीही जुळवला तरी जीभ जाते तिथेच जाते. आईला पहिल्या दिवशीच कळलं असणार.

मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं आठ दिवसांत आईच्या हातात पडलं पाहिजे.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. लिहिलं.

ताई

---

दि. १४ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच समज, कारण तुझं पत्र वाचून मी तसाही आडवाच झालोय.

वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर शिपायाने ते माझ्या हातात दिलं. फोरमनने विचारलं, कोणाचं. बहिणीचं म्हटल्यावर तो म्हणाला की भाग्यवान आहेस, हल्ली कोण पत्रं लिहितं. डबा खाताना वाचलं आणि डबा तसाच परत नेला. त्यावर घरी बायकोची बोलणी खाल्ली, ती वेगळी.

तू वर्षातून दोनदा येतेस. चार दिवस राहतेस, आईच्या कपाटातल्या साड्यांच्या घड्या बदलतेस, फ्रीज पुसतेस, मला चार गोष्टी सुनावतेस आणि गाडीत बसतेस. मग तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. रोज सकाळी सव्वासातला काय होतं ते तू बघितलंयस? मी बघतो. ऐक तर मग. बाबा दुसरी शांती म्हणतात आणि थांबतात. मागे नुसती खरखर चालू असते आणि बाबांच्या श्वासाचा आवाज. दुकानदाराने ती मागची रिकामी पट्टी बरीचशी कापून टाकली होती, तरी तीनेक मिनिटं उरलीच होती. ती तीन मिनिटं आई स्पीकरकडे बघत बसायची. ओठ थरथरायचे. डोळ्यांतून पाणी गळायचं ते थेट फुलांच्या तबकात. हे रोज. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ महिने! मी दाराशी बुटाच्या नाड्या बांधत उभा राहून ते बघायचो आणि मग दिवसभर लोकांच्या लिफ्ट सुरू करत फिरायचो.

एक दिवस मला वाटलं, पुरे झालं. आवाज बाबांचाच आहे, शब्द बाबांचाच आहे, एकदा जास्त म्हटला तर काय आभाळ कोसळणार आहे? करायला गेलो चांगलं आणि झालो बदनाम.

आणि आता बोललीच आहेस तर तेही बोलून टाकू. बाबा त्या दिवशी थांबले कोणामुळे? डिसेंबरात तू आलीस ती बाबांना तुझ्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं ठरवूनच. बाबांना जायचं नव्हतं. मी तसं म्हटलं, तर तू पॅसेजमध्ये उभी राहून, दाजींच्या देखत, मला म्हणालीस की मी लिफ्ट दुरुस्त करतो, माणसं नाही. बाबा आत पूजा करत होते. माझा फोन देवघराच्या कडेला चालू होता. तुझा तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये सबंध आलाय, बाबांच्या मंत्रांवर चढून. बाबा तुझ्यासाठी थांबले होते, ताई. तू आत गेली नाहीस. तिसरी तुझी राहिलीय, आणि चोराच्या उलट्या बोंबा तू मला मारतेस.

मूळ रेकॉर्डिंग मागतेस ते माझ्याकडे नाही. तो फोन जूनमध्ये एका सात मजली इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात पडला. वरून मी बघत होतो, फुटायला दोन सेकंदं लागली. दुकानदाराकडे कापलेली प्रत होती, तिच्यावरच त्याने नवी करून ठेवलीय.

दाजींना नमस्कार. त्यांनी गेल्या वीस वर्षांत तुझं किती ऐकून घेतलं असेल, याचा विचार आला की मला माझ्या नोकरीची धास्ती वाटत नाही.

लोभ होता, तेवढाच राहू दे. वाढवू नकोस, मला झेपणार नाही.

तुझा,
खिळ्या

---

दि. १९ ऑक्टोबर

चि. खिळ्यास,

आशीर्वाद मागच्या पत्रातलेच पुरवून वापर.

तुझ्या पत्रात चार पानं साड्यांच्या घड्यांवर आहेत आणि आई चक्कर येऊन पडली यावर एक ओळ नाही. मला ते तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवालीकडून कळावं? आई त्यांच्याकडे ब्लाउज टाकायला गेली आणि त्यांच्या मशीनशेजारीच बसकण मारली. त्यांनी साखरपाणी पाजलं आणि मला फोन केला. तुला का नाही केला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, आईनेच घातली होती शपथ.

त्यांच्याकडूनच बाकीचं कळलं. तुझी ती दुरुस्ती झाल्यापासून आई स्पीकर लावत नाही. स्वतःच पूजा करते, स्वतःच शांती म्हणते. एक म्हणते, दोन म्हणते, आणि बसून राहते. तिसरी काही तिच्या तोंडून निघत नाही. आणि तिसरीशिवाय ताट नाही हा बाबांचा नियम ती अजून पाळते. बारा वाजतात, साडेबारा वाजतात. साखरेची गोळी सकाळी सातला घेतलेली आणि पोटात नुसता चहा. खिळ्या, ती अडुसष्ट वर्षांची आहे. हे असंच चाललं तर ती एक दिवस जिन्यात पडेल. तुझ्या घरात हे सतरा दिवस चाललंय आणि तू मला दाराशी बुटाच्या नाड्या बांधल्याचं सांगतोस!

डिसेंबरचं म्हणतोस, तर तेही घे. मी ओरडले, ओरडलेच. बाप डोळ्यांसमोर संपत असताना ओरडू नको तर काय गुणगुणू? पण तू काय मौनव्रत धरून उभा होतास? मी कवळ्या घासणारी बाई, मला हॉस्पिटलातलं काय कळतं, असं तू म्हणालास. माझ्या नवऱ्यासमोर. मी आत गेले नाही, हे खरं. तू तरी कुठे गेलास? तुझ्या मनात अढी नव्हती का? की ती लिफ्टच्या खड्ड्यात पडली?

आता नीट वाच. त्याच दिवशी संध्याकाळी तू ते सबंध रेकॉर्डिंग माझ्या फोनवर पाठवलं होतंस. विसरलास ना? कापाकापीच्या आधीचं, पूर्ण. ते माझ्याकडे अजून आहे. माझं ओरडणं सुरू होतं तिथवर ऐकलं आणि बंद केलं, ते पुन्हा लावलं नाही. मला ऐकवत नाही.

ते मी तुला देणार नाही. आधी तू आईला तुझ्या हाताने लिहून दे की बाबा त्या दिवशी तुझ्यामुळे थांबले होते, आणि तू त्यांच्या तोंडी खोटं घातलंस. दोन ओळी पुरेत. तुझं अक्षर त्याहून जास्त लागत नाही.

लोभाचं नंतर बघू.

ताई

---

दि. २४ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तू आईचं औषध मुठीत धरून बसलीयस आणि मला म्हणतेस, आधी नाक घास. शाबास. नाक दाबलं की तोंड उघडतं हे खरं, पण तू नाक माझं दाबत नाहीयेस, आईचं दाबतेयस. एवढं तरी कळतं का तुला?

चक्कर आल्याचं मलाही दुसऱ्या दिवशी कळलं. लिहिलं नाही, कारण तू पुढच्या गाडीने येऊन मला उभा जाळला असतास. भ्यालो. आता खूश?

दोन ओळी लिहून देणार नाही. तू आधी लिहून दे, की बाबा तुझ्यामुळे थांबले. तू थोरली आहेस. बाबांनी सायकलसुद्धा आधी तुलाच दिली होती.

एक गोष्ट सांगतो, ती मात्र भांडण म्हणून नाही. मंगळवारी मी कामावर उशिरा जायचं ठरवलं. अंघोळ करून आईशेजारी जाऊन बसलो. तिने दुसरी शांती म्हटली आणि थांबली. मग तिसरी मी म्हटली. हात जोडून, डोळे मिटून, आवाज बाबांसारखा खाली आणून. मनातल्या मनात तुला माफसुद्धा करून टाकलं होतं, अर्ध्या तासापुरतं. डोळे उघडले तर आई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. लहानपणी चुकून दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसलो होतो, तेव्हा तिथल्या बाईंनी असंच बघितलं होतं. म्हणाली, बाळा, ही तुझी नाही. एवढंच म्हणून पुन्हा देवघराकडे तोंड करून बसली. जेवली पाऊण वाजता, तेही माझ्या बायकोने ताट हातात धरून उभं राहून भरवलं तेव्हा.

माझी नाही म्हणजे तुझीच असणार, दुसरं कोण आहे? तेव्हा तू ये आणि म्हण. मी स्टेशनवर घ्यायला येणार नाही, पण घराचं दार उघडं असेल.

बायको म्हणते की या घराण्यातल्या दोन्ही पोरांना एका साखळीने बांधून ठेवलं पाहिजे. मी म्हटलं, साखळी मजबूत हवी, ताई दातांनी तोडेल, तिच्याकडे दात पुष्कळ आहेत.

लोभ असो वा नसो.

खिळ्या

---

दि. २८ ऑक्टोबर

चि. ताई आणि चि. खिळ्या यांस,

आईचे अनेक उत्तम आशीर्वाद. एकच पत्र दोनदा लिहिलंय, एक पोस्टात टाकते आणि एक खिळ्याच्या डब्याखाली ठेवते. शब्दाला शब्द ठेवून लिहिलंय, तेव्हा कोणाला काय जास्त लिहिलं याच्या चौकशा करू नका.

धुवायला टाकताना खिळ्याच्या कामाच्या पँटच्या खिशात ताईची पत्रं सापडली. खिळ्याने उलट काय लिहिलं असेल ते मी न वाचताच सांगू शकते, पाळण्यापासून ओळखते. तुम्हा दोघांची चाळिशी उलटली. केस पिकले, चष्मे लागले, पण कोनमापक काही संपला नाही.

तुमचे वडील त्या दिवशी ना ताईसाठी थांबले होते, ना खिळ्यासाठी. तुम्ही पॅसेजमध्ये घसा फोडून ओरडत होतात हे त्यांना ऐकू येत होतं की नाही, याचीही मला शंका आहे. त्यांचा उजवा कान तुम्हाला माहीत आहेच. ते माझ्यासाठी थांबले होते.

हे कोणालाच सांगायचं नव्हतं. लाज वाटत होती. पण तुम्ही माझी चूक आपापसात ओढत बसला आहात, आणि ते मला बघवत नाही.

त्या आधी नऊ दिवस मी त्यांच्याशी बोलत नव्हते. हॉस्पिटलात तपासणीचे कागद आणायला मी एकटीच गेले होते. काउंटरवरच्या मुलीने मला सहज विचारलं की ऑपरेशनचा विचार बदललाय का. मी म्हटलं, कोणतं ऑपरेशन. तिने कागद दाखवला. डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन सांगितलं होतं आणि ह्यांनी खाली त्यांच्या त्या नकाशावरच्या अक्षरात लिहून दिलं होतं की करायचं नाही. सही, तारीख, खाली रेघ. मला विचारलं नाही. सांगितलंसुद्धा नाही. त्रेचाळीस वर्षं ज्या माणसाच्या शर्टाचं तुटलेलं बटणही माझ्या हातून गेलं नाही, त्याने मरायचं परस्पर ठरवून टाकलं. ताई, तुझं हॉस्पिटल का नको होतं ते आता कळलं असेल. खिळ्या, तुलाही.

मी घरी आले आणि तोंड मिटलं. चहा द्यायची, औषध द्यायची, पाठ चोळायची, पण शब्द नाही. नऊ दिवस ते रोज दोन म्हणायचे आणि थांबायचे. मी उठून जायची. मी उठले की तेही गुपचूप पाट उचलायचे. त्या नवव्या दिवशी तुम्ही दोघं बाहेर भांडत होतात. मी शेजारी बसले होते, हातात तबक होतं. ते थांबले. माझ्याकडे मान वळवून बघितलं. मी तबक खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. दुसऱ्या दिवशी त्यांना ॲडमिट केलं. तिथे कसली पूजा आणि कसली शांती. तिथे मी बोलले, सगळं बोलले, पण ती तिसरी काही म्हटली नाही. वाटलं, घरी आल्यावर म्हणू. घरी ते आले नाहीत.

मग खिळ्याने स्पीकर दिला. पहिल्या सकाळी ते दुसरी म्हणून थांबले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. अगदी तसाच, मान वळवून बघत होते तेव्हाचा. आणि मी तिसरी म्हटली. रोज म्हणत होते. ते थांबायचे आणि मी म्हणायची. खिळ्या, तू जे डोळ्यांतलं पाणी बघितलंस ते पाणी होतंच, पण ते वाईट नव्हतं रे. तू ती जागा बुजवून टाकलीस. आता ते थांबतच नाहीत, मग मी कुठे म्हणू? स्वतः पूजा केली तर माझं मीच थांबायचं आणि माझं मीच म्हणायचं, त्याला काही अर्थ नाही.

तू माझ्यासाठीच केलंस हे मला माहीत आहे. म्हणून गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

ताई, जुनं तुझ्याजवळ असेल तर दे. अटी घालू नकोस, अटी घालणं तुमच्या वडिलांचं काम होतं. मग दोघं खुशाल एकमेकांच्या झिंज्या उपटा.

तुमची,
आई

---

दि. २ नोव्हेंबर

चि. खिळ्यास,

आशीर्वाद.

आईचं पत्र काल लॅबच्या वेळेत वाचलं. हातातलं मेण थंड होऊन गेलं, साचा फुकट गेला. मालकीणबाईंनी काय झालं ते विचारलं. मी म्हटलं, डोळ्यात प्लास्टर गेलं.

संध्याकाळी तुझ्या दाजींना बाहेर पाठवून रेकॉर्डिंग लावलं. तेवीस मिनिटांचं आहे. या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. आधी बाबांचे मंत्र आहेत, मग आपण दोघं. खिळ्या, आपण फार वाईट ओरडतो. तुझा आवाज चिरकतो आणि माझा सुटतो. बाबांनी पहिली म्हटली, दुसरी म्हटली. मग तबक खाली ठेवल्याचा आवाज, आईच्या बांगड्या, लांब कुठेतरी नळ. आई म्हणते तसंच सगळं.

मग नुसती खरखर आणि श्वास. मी घड्याळ लावून बसले होते. अकरा मिनिटं. तुझ्या दुकानदाराने रिकामी म्हणून कापली ती पट्टी हीच. इतर दिवशी लगेच पाट उचलणारा माणूस त्या दिवशी अकरा मिनिटं बसून राहिला. मधे एकदा खोकले. एकदा आईला हाक मारायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडली.

आणि मग, खिळ्या, तिसरी बाबांनी म्हटली. स्वतःच. इतकी हळू की मी तीनदा मागे नेऊन ऐकली. नेहमीची नाही, नेहमी खाली उतरायची ती, या वेळी शेवटाला जरा कापली. ज्याच्या मनात अढी, ज्याचं चुकलं, त्याने म्हणायची ना? त्यांनी म्हटली. त्यानंतर पाट सरकवल्याचा आवाज आहे आणि तू येऊन फोन बंद केलास तो.

दहा महिने ही बाई समजतेय की तो माणूस वाट बघत तसाच गेला. आणि मी हे फोनमध्ये घेऊन फिरत होते. भाजी आणायला जाताना, लॅबमध्ये, सगळीकडे. ऐकायची छाती नव्हती म्हणून नाही ऐकलं, आणि वर तुला अट घातली. तुझ्या चुकीहून माझी चूक मोठी आहे. हे एकदाच लिहितेय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

तुझ्या बायकोच्या फोनवर सबंध पाठवलंय. त्या दुकानदाराला हात लावू देऊ नकोस. आईशेजारी तू बस. मी येत नाही, कारण मी आले की आपण दोघं पॅसेजमध्ये उभे राहू, आणि ती सकाळ तिची आहे. तिसरी तिने आधी म्हटली तर म्हणू दे. मधे बोलू नकोस. अकरा मिनिटं तुला गप्प बसवत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा तोंडात लवंग धर.

काय झालं ते लगेच कळव.

ताई

---

दि. १५ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. या वेळी खरोखर.

तू सांगितलंस तसं केलं, लवंगेसकट. सोमवारी रजा टाकली. आईला एवढंच सांगितलं की हे जुनं आहे, सबंध आहे, आणि तिने शेवटपर्यंत बसायचं. बाबा थांबले तशी तिने तिसरी म्हटली. लगेच, घाईघाईने, गाडी सुटेल म्हणून चढावं तशी. मग डोळे पुसले आणि बटणाकडे हात नेला. मी तिचा हात धरला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. लवंग चावून चावून माझी जीभ बधिर झाली होती.

अकरा मिनिटं आम्ही दोघं तशीच बसलो. बायको दाराशी पोळपाट हातात घेऊन उभी होती, तिला आत यायचं की जायचं ते कळेना. हाक अर्ध्यावर सुटली तिथे आईने उत्तर दिलं, आले म्हणून. आणि मग बाबांनी म्हटली.

आईने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मी घाबरून बायकोला पाणी आणायला सांगितलं. आणि आई भडकली, ताई. तिला इतकी संतापलेली मी उभ्या जन्मात बघितली नाही. स्पीकरलाच बोलायला लागली. म्हटली होती तर सांगायचं नाही का, असं म्हणाली. मी काय लांब गेले होते, दहा पावलांवर नळाशी उभी होते. स्वतःच ठरवायचं, स्वतःच सही करायची, स्वतःच माफी मागायची आणि स्वतःच ऐकून घ्यायची! बायकोला कशात धरायचंच नाही! दहा महिने माझ्या जिवाला घोर लावलान, असं म्हणून स्पीकर उपडा केला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं. तुझ्या-माझ्या दुरुस्त्यांनी आईचा जीव घेतला.

दुपारी तीनला दार उघडून बाहेर आली आणि भाकरी मागितली. दोन खाल्ल्या.

पुढची सकाळ सांगतो आणि पत्र संपवतो, सात मजल्यांवर लोक अडकलेत. मंगळवारी सव्वासातला ती देवघरासमोर बसली. स्पीकर सरळ करून फडक्याने पुसला, पण लावला नाही. पूजा स्वतः केली. एक शांती म्हटली, दुसरी म्हटली. थांबली. मी म्हटलं झालं, पुन्हा तेच, आता बारा वाजणार. तेवढ्यात ती पदर सावरून उठली आणि मला म्हणाली की नाश्ता वाढायला सांग. तिसरीचं काय, असं मी विचारलं. तर बाबांच्या फोटोकडे बघून म्हणाली, आज दोनच. मी रागावलेय त्यांच्यावर. बसू देत वाट बघत.

आज पाचवा दिवस. रोज दोनच म्हणते आणि पोटभर खाते. गोळीसुद्धा वेळेवर घेते.

तुझ्या-माझ्या तिसरीचं अजून राहिलंय. ये, म्हणजे ती कोणी म्हणायची ते भांडून ठरवू. स्टेशनवर येईन.

लोभ आहेच, तो तुझ्या धाकाने वाढावा.

खिळ्या